बाबांचा डावा कान

“कानात तेल घालायची म्हनं ही त्यांच्या,” चुलती हळू आवाजात म्हणाली, आणि कोणीतरी नुसतं ‘च्च’ केलं. बाबांचं बारावं होतं. कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत साताऱ्याहून आलेले नातेवाईक दाटीनं बसले होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आई भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात. आमच्या घरात भिंतीपलीकडचं सगळं ऐकू जातं. तिच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला... मी ट्रे खाली ठेवला. एकेकाला कप देत गेले.

बाबा न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होते. बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा, हे त्यांचं काम. बोटीतून उतरला म्हणजे पोचला असं नाही, ते म्हणायचे. गेटबाहेर पडला तरच पोचला. लहानपणी विहिरीत पोहताना जडलेलं त्यांच्या डाव्या कानाचं दुखणं कधी गेलंच नाही, कान अधूनमधून वाहायचा, त्यानं ऐकूही कमी यायचं. डॉक्टरला दाखवा म्हटलं की सुट्टी नाही म्हणायचे. मग रविवारी दुपारी आई फोडणीच्या छोट्या लोखंडी पळीत खोबरेल आणि लसणाच्या पाकळ्या तापवायची, मनगटावर थेंब टाकून बघायची, आणि बाबा तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे व्हायचे. एरवी ती चिडून बोलायला लागली की ते मुद्दाम डावा कान तिच्याकडे करायचे. “हा तुझ्यासाठीच राखून ठेवलाय,” म्हणायचे. मी दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ फक्त त्या तेलाच्या वेळीच पाहिलं.

यंदा त्यांना ताप आला, डोकं दुखायला लागलं, आणि एका सकाळी ते मला आईच्या नावानं हाक मारू लागले. वाशीच्या हॉस्पिटलमध्ये कळलं, कानातला संसर्ग हाड पोखरून मेंदूपर्यंत गेलाय. ऑपरेशन करून पू काढला. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, म्हणून सगळं मलाच सांगायचे. पुवाच्या तपासणीत जंतू सापडला, आणि लॅबमध्ये तो चालू असलेल्या औषधानंच मरत होता. त्या दिवशी आई पहिल्यांदा नीट जेवली. बाबांनी मात्र डोळे उघडले नाहीत.

मग डॉक्टरांनी समजावलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या औषधाला सहजासहजी आत सोडत नाहीत. सूज आली की ही अडवणूक थोडी सैल होते, पण किती, ते माणसागणिक वेगळं. शिवाय इतक्या आजारी शरीरातून औषध कधी कधी लघवीवाटे भराभर निघूनही जातं. म्हणून डोस वाढवलेला होता. रक्तात औषध भरपूर होतं. मेंदूत किती पोचतंय, मी विचारलं. ते म्हणाले, खात्रीनं नाही सांगता येणार.

बाहेर बाकावर आई वाट बघत होती. मला मराठीत शब्दच सापडेनात. शेवटी म्हटलं, माल बंदरात उतरलाय, पण गेटमधून सुटत नाहीये. तिला लगेच कळलं. आयसीयूच्या बंद दाराकडे बघत ती म्हणाली, “मग ह्यांनाच पाठवा की. ह्यांच्यासारखं दुसरं कोन सोडवनार?”

तेव्हापासून मी आतून बाहेर आले की ती एवढंच विचारायची, सुटला का गं माल?

नाही सुटला.

नर्स म्हणायची, बोला त्यांच्याशी. आई त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून सोसायटीतलं पाणी, शेजारणीची भांडणं, काय काय सांगत राहायची. मी पायाशी उभी असायची. माझा आवाज त्या खोलीत कधी निघालाच नाही...

तेलाबद्दल मी डॉक्टरांना विचारलं होतं. तेलानं हाड असं पोखरलं जात नाही, ते म्हणाले. दुखणं वर्षानुवर्षांचं, कान कधीच दाखवायला हवा होता. आईनं मात्र मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता तरी आलं असतं.

बाराव्यानंतर आमच्या घरात वरणाला फोडणी पडली नाही. लसूण आणणं बंद झालं. पळी तिच्या खिळ्यावरून गेली, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून ते पांढरं, अळणी वाटणारं वरण गिळत राहिलो. मागच्या रविवारी पिठाच्या डब्यामागे पळी सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी ती घासली, खाली जाऊन लसूण आणला, तेल तापवून ठेचलेल्या पाकळ्या टाकल्या. रविवारच्या दुपारचा तो वास घरभर झाला. आई दारात येऊन उभी राहिली. गॅस बंद कर, म्हणाली. तिनं चौकट घट्ट धरली होती. मी बंद केला नाही. सांगून बाबा परत येणार नव्हते, आणि तिला पटेल असंही मला वाटत नव्हतं. तरी तिच्याकडे वळले.

“आई, बाबा तेलानं नाही गेले,” मी म्हणाले. “औषध बरोबर होतं. ते पोचलंच नाही.”