डाव्या खांद्याचा मुद्दा

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात मी सात वर्षं गाडीच्या सीटखालच्या लोखंडात काढली. सीटची पाठ आडवी करायला आपण जो लिव्हर ओढतो तो एका टोकाला असतो, खरं कुलूप दुसऱ्या टोकाला, आणि मधे एक सळई. त्या सळईत केसाएवढी ढिलाई राहिली तरी गिऱ्हाइकाला लिव्हर मेल्यासारखा लागतो. ही ढिलाई शोधून काढणं एवढंच माझं काम होतं. नागपूरला इंजिनियरिंग करताना याच विषयात मला सगळ्यात जास्त मार्क पडले होते, त्यामुळे मी खूश होतो.

माझा मॅनेजर मूळचा पुण्याचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, इथला नागरिक झालेला. ऑफिसात मी त्याला सगळ्यांसारखा नावाने हाक मारायचो आणि घरी गेलो की दादा म्हणायचो. त्याच्या घरी जावंच लागायचं. माझी ग्रीन कार्डची फाइल त्याच्या होकारावर पुढे सरकणार होती आणि हे तो मला विसरू द्यायचा नाही. मीटिंगमध्ये अमेरिकन लोकांसमोर तो माझ्या उच्चारांची नक्कल करायचा. एकदा माझं ड्रॉइंग पडद्यावर असताना तो म्हणाला होता की याला व्हिसा देणारा माणूस त्या दिवशी झोपेत असावा. सगळे हसले. मीही हसलो.

त्याला बंदुकांचा नाद होता. जवळच्याच ट्रॉय गावातल्या त्याच्या घराच्या तळघरात दोन लोखंडी कपाटं भरलेली होती. शेजारचा एक म्हातारा टूलमेकर मुलीकडे राहायला जाताना त्याला एक जुनी रायफल विकून गेला. लाकडी दस्त्याची, तेल पाजून पाजून काळसर झालेली. दादाने तिच्यासाठी एक किट मागवलं. रायफलचं लोखंड दस्त्यातून काढायचं आणि प्लॅस्टिकच्या नव्या खोळीत बसवायचं, की ती बुलपप होते. म्हणजे ट्रिगर पुढे येतो आणि जिथे गोळी फुटते तो भाग मागे, चालवणाऱ्याच्या गालाशी जातो. नळी तेवढीच राहते, पण बंदूक वीतभर आखूड होते. गाडीत मावते, झाडीत अडकत नाही. हा फायदा खराच आहे.

खोळीत बसवल्यावर ट्रिगर त्याला बथ्थड वाटायला लागला. मग त्याला मी आठवलो. "तू सळयांचा माणूस ना," तो म्हणाला, "जरा बघ आणि रिव्ह्यू लिही. प्रॉपर, ऑफिसात लिहितोस तसा."

मी व्हिसावर होतो. बंदुकीला हातसुद्धा लावू नकोस असं वकिलाने सांगितलं होतं. म्हणून तो तळघरात रायफल हातात धरून फिरवायचा आणि मी चार फुटांवरून बघत वहीत लिहायचो. यावर त्याने भरपूर विनोद केले. तरी तो रिव्ह्यू मी मन लावून केला, हे सांगायला हवं. तीन संध्याकाळी घालवल्या. मला वाटलं होतं, निदान यातलं मला कळतं हे त्याला दिसेल.

पहिला मुद्दा अर्थातच सळईचा. ट्रिगर पुढे गेला, पण त्याची यंत्रणा मागेच राहिली. मधली सळई लांब, पातळ आणि दोन्ही टोकांना ढिली. बोट काय करतंय ते यंत्रणेला उशिरा कळतं आणि यंत्रणा कधी सुटणार ते बोटाला कळतच नाही. गोळी चुकून सुटू नये म्हणून असते ती सेफ्टीही मागे राहिली होती, म्हणजे ती लावायची तर पकडीवरचा हात सोडायला हवा. गोळ्यांचं मॅगझिन काखेत गेलं, ते बदलायला बंदूक खाली घेऊन मान वाकवून बघावं लागे. सगळं वजन मागे आल्यामुळे नळीचं तोंड हलकं झालं होतं. लाकडाने जे लोखंड घट्ट धरलं होतं ते आता स्क्रूने जोडलेल्या दोन फाका धरणार होत्या, आणि प्रत्येक गोळीच्या हादऱ्याने ते स्क्रू थोडे थोडे ढिले होणार होते. त्याच पाचव्या मुद्द्यात पुढे लिहिलं, की आत काही फुटलंच, तर पूर्वी ते चेहऱ्याच्या पुढे फुटलं असतं, आता गालाखाली.

सहावा मुद्दा मी जाड अक्षरात लिहिला. या रायफलच्या उजव्या बाजूला एक लोखंडी हँडल होतं. प्रत्येक गोळीबरोबर ते आतल्या सरकत्या बोल्टसकट झटक्याने मागे येतं आणि परत पुढे जातं. जुन्या दस्त्यात ते चेहऱ्यापासून लांब होतं. नव्या खोळीत, उजव्या खांद्यावरून चालवली तर गाल दुसऱ्या बाजूला असतो, म्हणून धोका नाही. पण डाव्या खांद्याला लावली तर गाल थेट त्या हँडलच्या वाटेत येतो. मी लिहिलं, "डाव्या खांद्यावरून कुणीही, कधीही चालवू नये." मुळातून बुलपप म्हणून बेतलेल्या बंदुकीत या सगळ्याचा विचार केलेला असतो, इथे नुसती जागांची अदलाबदल झाली आहे, असा शेवट करून मी त्याला मेल पाठवला.

शनिवारी त्याच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती. जेवणाआधी त्याने तो मेल फोनवर उघडला आणि माझ्या आवाजात, माझ्या नागपुरी हेलात मोठ्याने वाचला. लोक पोट धरून हसत होते. सहाव्या मुद्द्याशी तो थांबला आणि म्हणाला, "आणि आपल्याकडे डावखुरं कोण आहे रे? कशाला घाबरवतोस?"

त्याची बायको डावखुरी होती. मी त्यांना वहिनी म्हणायचो. त्या लिहायच्या डाव्या हाताने, भाजी चिरायच्या डाव्या हाताने. फक्त चारचौघांत वाढताना आणि जेवताना उजवा वापरायच्या, कारण लग्न झाल्यापासून ताटाशी डावा हात दिसला की तो म्हणायचा, "उजवा." एवढा एकच शब्द, पाहुण्यांदेखत, लहान मुलाला म्हणावा तसा. त्या रात्री त्या आमटीचं भांडं घेऊन त्याच्या मागेच उभ्या होत्या. चार कुटुंबांपैकी निम्म्या लोकांना माहीत होतं, तेही हसत राहिले. मी मान खाली घालून पापड खात होतो.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी तो मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. व्हिडिओ काढायला कुणीतरी हवं होतं. वहिनींनाही त्याने आणलं होतं. त्यांना यायचं नव्हतं, हे गाडीतच कळत होतं. त्या दिवशी त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम होती. सूत्रसंचालन दरवर्षी त्याच करायच्या, आवाज फार स्वच्छ होता. दोन तास उशीर झाला तर जग बुडत नाही, असं तो म्हणाला.

आधी त्याने दहा गोळ्या झाडल्या. कागदावर त्या अशा विखुरल्या की दहा वेगवेगळ्या माणसांनी झाडल्या असाव्यात. त्याने वाऱ्याला दोष दिला. मग वहिनींना पुढे बोलावलं. एका बाईला पहिल्याच दिवशी चालवता येते, असं त्याला व्हिडिओत दाखवायचं होतं. त्याने रायफल त्यांच्या हातात दिली, कशी धरायची ते घाईघाईने सांगितलं आणि दुर्बिणीतून निशाण बघायला बाकावर जाऊन बसला. रेंजवरचा देखरेखीचा माणूस दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी अडकलेलं मॅगझिन सोडवत होता.

वहिनींनी रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. विचार करून नव्हे, हात गेले तशी लावली. मी त्यांच्या मागे तीन पावलांवर होतो, हातात फोन. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या कानांवर आवाज रोखणारे कप होते, बोललेलं ऐकू आलं नसतं. पण बोलायची गरज नव्हती. बरोबर आहे का, एवढंच त्या डोळ्यांनी विचारत होत्या.

मी मान हलवली. हो म्हणून.

हे मी अनेकदा वेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं आहे. घाईत लक्षात आलं नाही असं. फोनच्या पडद्यात डावं-उजवं कळलं नाही असं. ते खरं नाही. वहिनींबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं. उलट त्या घरात माझ्याशी नीट बोलणारं माणूस तेवढं एकच होतं. पण त्या क्षणी मला त्या दिसतच नव्हत्या. मला तो दिसत होता, फोन हातात धरून माझ्या आवाजात वाचणारा. आता त्याला सहावा मुद्दा कळेल, एवढं एकच डोक्यात होतं. गालाला खरचटेल, फार तर काळंनिळं होईल असं मला वाटलं, असंही मी स्वतःला सांगत आलो. पण ते हँडल किती वेगाने मागे येतं याचा हिशेब मुद्दा लिहिताना मीच केला होता.

त्यांनी ट्रिगर ओढला. तो बथ्थड होता, म्हणून आणखी जोर लावायला त्यांनी गाल अजून दाबून धरला. आणि गोळी सुटली.

आवाज मला नीट आठवत नाही. वहिनी ओरडल्या नाहीत. रायफल समोरच्या टेबलावर ठेवून त्या खाली बसल्या आणि तोंडाशी ओंजळ धरली. ओंजळीत रक्त आणि एक दात होता. देखरेखीचा माणूस शिट्टी वाजवत धावत आला, सगळी रेंज थांबली. दादा बाकावरून उठून आला तो आधी टेबलाशी गेला, बंदूक सुरक्षित केली, आणि मग बायकोकडे वळून पहिलं वाक्य बोलला, "डावीकडे कशाला घेतलीस?"

इमर्जन्सीत कळलं की गालाच्या हाडाला तडा गेला होता, वरचे दोन दात गेले होते, आणि ओठाच्या डाव्या बाजूची नस दुखावली होती. ती परत जागी होईल किंवा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती झाली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन दुसऱ्या कुणीतरी केलं. पुढच्या वर्षीही दुसऱ्याच कुणीतरी, कारण प आणि ब आले की वहिनींच्या तोंडून हवा निसटायची. मंडळाच्या कमिटीत मी होतो. वहिनींना आता त्रास नको, असं सगळे प्रेमाने म्हणाले आणि त्यांना विचारलंही नाही. घरी त्याला नवा विनोद सापडला. पाहुणे आले की तो म्हणायचा, "पापड म्हणून दाखव." एक-दोनदा लोक हसलेसुद्धा.

रेंजच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्याने मला केबिनमध्ये बोलावलं होतं. किट विकणाऱ्यावर दावा ठोकायचा त्याचा विचार होता, आणि आपल्याला आधीच लेखी सांगितलं गेलं होतं ही गोष्ट त्यात अडचणीची होती. माझा मेल त्याने त्याच्याकडून काढून टाकला होता. "तुझ्याकडचाही काढ," तो म्हणाला, "आणि तो व्हिडिओ. ग्रीन कार्डचे कागद या आठवड्यात लीगलला पाठवतोय." मी त्याच्यासमोर बसून दोन्ही डिलीट केले. त्याआधी व्हिडिओ घरी एकदा बघितला होता. वहिनी सरळ कॅमेऱ्याकडे बघतात, आणि फोन माझ्या हातात किंचित खालीवर होतो.

दाव्याचं पुढे काही झालं नाही. रायफल त्याने कमी वापरलेली म्हणून कुणाला तरी विकून टाकली. लाकडी दस्ता कापून त्याने आधीच शेकोटीत घातला होता.

वर्षभराने वहिनींनी मला फोन करून एका कॉफीच्या दुकानात बोलावलं. त्या वेगळ्या राहायला लागल्या होत्या, एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला नोकरी धरली होती. वकिलाने त्यांना विचारलं होतं की नवऱ्याला धोका माहीत होता याचा काही लेखी पुरावा आहे का. "तो मेल पाठवतोस का मला?" त्यांनी विचारलं. प्रत्येक शब्द त्या सावकाश, जपून टाकत होत्या. मी म्हणालो, डिलीट झाला. झाला की केला, असं त्यांनी विचारलं. मी केला म्हणालो.

त्यांनी कप बाजूला सरकवला. मला वाटलं, आता उठून जातील. मी म्हणालो, वहिनी, मला खरंच वाटलं नव्हतं की इतकं लागेल.

"नवऱ्याचा मला आता राग येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कळलंच नव्हतं. वाचून दाखवताना नुसती तुझी नक्कल करत होता, शब्द कुठे वाचत होता. तुला कळत होतं. म्हणून तर मी तुला विचारलं."

त्यांनी ओठाची डावी बाजू रुमालाने टिपली, कारण कॉफी ओघळली तरी त्यांना समजत नसे, आणि माझी आई नागपूरला कशी आहे ते विचारलं. बरी आहे, मी म्हणालो. मग त्या गेल्या.

माझं ग्रीन कार्ड पुढल्या वसंतात आलं. दादाने कंपनीतर्फे दिलेल्या पत्रात लिहिलं होतं की हा इंजिनियर सुरक्षिततेच्या बाबतीत अत्यंत दक्ष आहे. ते पत्र माझ्या फाइलमध्ये लावलेलं आहे.