कोंबडीतलं तिरफळ

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. वडिलांना गावी विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पोट काही जागेवर येईना. आई तेव्हा हयात नव्हती, म्हणून मी त्यांना मालवणहून डोंबिवलीला आणलं. इथल्या डॉक्टरांनी तिखट, तेल, मासे आणि खोबऱ्याचं वाटण बंद केलं. मी ते तंतोतंत पाळलं आणि बाबा जेवायचेच थांबले. मऊ भाताचे चार घास, वर ताक, की ताट सरकवलं. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, उपाशीच राहायचं तर आपल्या घरात राहीन, मला एसटीत बसवून दे. गावच्या घरात त्यांना पेज करून घालायलाही कोणी नव्हतं.

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. कोंबडी चालेल म्हणाले, पण बिनतेलाची आणि बोटाने तुटेल इतकी शिजलेली. ब्रॉयलरला बाबा कापूस म्हणत. गावठी कोंबडी प्रेशर कुकरमध्ये लावली, तर रस्सा एकीकडे आणि दोरे एकीकडे. तेव्हा मला माळ्यावरचा इकमिक कुकर आठवला. लग्नाआधी ठाण्याला खोपटला खोली घेऊन राहायचो, तेव्हाचा. पितळेचं उंच भांडं, तळाला निखारे, वर पाणी आणि त्यात एकावर एक डबे. मंद वाफेवर सगळं आपोआप शिजतं. झाकण तेवढं मधे उघडायचं नाही.

रविवारी जवळच्या मोहने गावाहून गावठी कोंबडी आणली. कातडं काढून अर्धा किलो मांस, दुधीच्या फोडी, आलं, जिरं, हळद, मीठ. तेल शून्य. ते सगळं खालच्या डब्यात, वरच्या डब्यांत मुगाची डाळ आणि तांदूळ. बायको म्हणाली, डबे मी लावते, तुम्ही निखारे बघा. गॅलरीत कुकर पेटला आणि बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले. इस्पितळातलं जेवण घरी करायला एवढा खटाटोप कशाला, असं ते जाणाऱ्या-येणाऱ्या शेजाऱ्यांना विचारत होते.

दुपारी कुकर स्वयंपाकघरात नेऊन झाकण काढलं आणि मी चरकलो. वास चक्क बांगड्याच्या तिखल्याचा. डाव घालून पाहिलं, तर कोंबडीत तिरफळं. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, तिरफळ म्हणजे मिऱ्याहून जरा मोठं, जिभेला मुंग्या आणणारं वाळलेलं फळ. ते माशांत घालतात. कोंबडीत ते घालायचं आमच्याकडे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण माझी बायको साताऱ्याची.

"अगं, हे तुला कोणी सांगितलं?"

"मामंजींनीच. मागे बांगडे केलेले तेव्हा म्हणालेले, तिरफळ पोटाला बरं."

डॉक्टर तिरफळाबद्दल काहीच बोलले नव्हते आणि रविवारचा दवाखाना बंद. बाबांना नुसता डाळभात वाढावा, असं मी ठरवलं. तोवर ते वासावर आत आलेच होते. त्यांनी डब्यात वाकून पाहिलं.

"काय गो, ही कोंबडी खाडीत पवाक गेल्ली काय?"

"तुमच्या मालवणहून पोहत आली, मामंजी."

गावाहून आल्यापासून बाबा पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

"मगे दमली असतली. वाढ."

मी डॉक्टरांचं नाव काढलं, तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. मांस खरंच बोटाने सुटत होतं. बाबांनी तिरफळं ताटाच्या कडेला काढून ठेवली, हाडं चोखली आणि भात दोनदा मागून घेतला. संध्याकाळपर्यंत मी त्यांना पोट कसं आहे हे इतक्यांदा विचारलं, की शेवटी ते माझ्यावरच खेकसले. पोटाला काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी विचारलं, एसटीचं तिकीट बघू का?

"ता ऱ्हवांदे. फुडल्या आयतवाराक काय करतलास, ता सांग."

ते दिवाळीपर्यंत राहिले. तिरफळं किती घालायची यावर सासरा-सुनेचं कधीच एकमत झालं नाही.