मंगलची कोरी ओळ

अहो, लांब कशाला बसलात? सरका इकडे, जवळ. शास्त्राचं नाव काढलं की पान उलटायचं, ही तुमची खोड मला ठाऊक आहे. नका उलटू. मी सातवीनंतर जे शिकले ते आपलं आपणच, मी कुठलं शास्त्र शिकवणार! मला आमच्या मंगलबद्दल सांगायचंय. पण मंगल म्हटली की तिच्या पेशी आल्याच, त्याला माझा इलाज नाही.

गंगापूर रोडला आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं आली, तेव्हा तिच्या हातात लाल रिबन बांधलेला थर्मास होता. मी सवयीनं म्हटलं, "आण गं, चहा भरून देते." तिनं तो पोटाशी धरला. "मावशी, ह्यात चहा नाय चालायचा. कत्तलखान्यातून शेळीचे बीजकोश, म्हणजे अंडाशय, आणते मी ह्यात. कोमट मिठाच्या पाण्यात."

आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही! मी बजावलं, "भरलेला थर्मास या जिन्यावर दिसता कामा नये." "नाय दिसणार. तिकडून थेट लॅबमध्येच नेते." शब्दाची पक्की. माणूस कळतं ते अशातच.

पण मला गप्प कुठलं बसवतंय! एकदा भाजी निवडताना विचारलं, "मेलेल्या शेळीकडून काय गं शिकतेस?"

"शेळी मेली, मावशी. पेशी जित्या हायेत. बीजाभोवती बारक्या पेशींचा गराडा असतो. बीज पिकायच्या आधी त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. त्यांना 'वाढा' असं सांगतं कोण? थोडं अंगातली संप्रेरकं सांगतात, थोडं शेजारच्या पेशी, आणि थोडं ते बीजच. तो निरोप म्हणजे वाढ-घटक. बाईमाणसातबी असंच चालतं, तुमच्यात न् माझ्यात."

"अगोबाई!" मी म्हटलं. साठी ओलांडली आणि माझ्याच पोटातली ही बातमी मला कोणी दिली नव्हती.

मंगल निफाडकडची, द्राक्षबागेतली. मणी फुगावा म्हणून तिकडे संजीवकाची फवारणी करतात. तिचे वडील, दादा, दरवर्षी एक ओळ बिनफवारणीची सोडायचे. लोक हसायचे. दादा म्हणायचे, "औषधानं फुगला का पाण्यानं, हे मला कोण सांगंल? कोरी ओळच सांगंल ना." मंगलनं ते उचललं. काही बश्यांतल्या पेशींना ती वाढ-घटक द्यायची, एका बशीला नुसतं खाणं. कुणी कसलीही बढाई मारली, अगदी मी नव्या मसाल्याची मारली तरी, ती विचारायची, "आणि कोरी ओळ काय म्हणते?"

आणि तिच्याच कोऱ्या बशीनं दगा दिला. घटक न देताही तिथल्या पेशी बाकीच्यांइतक्याच वाढल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दिवाळीनंतर शिष्यवृत्ती संपणार, प्रबंध अर्धा, त्यात तिचे मार्गदर्शक सर निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "ती एक बशी सोडून दे. बाकीचं छान आलंय, लिहून टाक."

त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून नुसतीच पोळी मोडत होती. मीही म्हटलं, "ऐक गं सरांचं. एका बशीपायी सगळं घालवशील."

"कोरी ओळच काढून टाकली तर बाकीच्या ओळींवर विश्वास कोण ठेवणार, मावशी? मीच नाय ठेवणार." आणि मग एकदम थांबली. "दादांच्या कोऱ्या ओळीतले मणी एका साली फुगले होते. शेजारच्या ओळीचा फवारा वाऱ्यानं आला होता. माझ्याकडंबी कुठून तरी येतंय."

आणि आलंच होतं. बीजाभोवती जे पाणी असतं, त्यातच तो घटक असतो. पेशी धुण्यात कमी पडलं, आणि थोडं पाणी पेशींबरोबर प्रत्येक बशीत गेलं. तिनं झालेलं सगळं बाजूला ठेवलं. नवे बीजकोश, पुन्हा पुन्हा धुणं, पुन्हा पहिल्यापासून. गणपती आले, गेले. ही आरतीलाही धावतपळत यायची. मी डबा द्यायचे आणि तोंड बंद ठेवायचे, माझ्यासाठी तेही कष्टाचंच काम.

मग एक दिवस मला स्कूटरवर मागे बसवून लॅबमध्ये घेऊन गेली. "बघा मावशी, आधी कोरी." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "साबुदाण्याची खिचडी गं! दाणा दाणा मोकळा." तिनं घटक घातलेली दुसरी बशी ठेवली. मी म्हटलं, "हिचा मात्र गिचका झालाय."

मंगल हसत सुटली, आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसायला लागली. "गिचकाच पाहिजे होता, मावशी!"

पदवी मिळाली, आता ती उत्तरेकडे म्हशींवर हेच काम करते. जाताना वाकून नमस्कार केला, तेव्हा मी म्हटलं, "नीट राहा." ती म्हणाली, "राहीन. तुम्हीबी कुणाचं लगेच खरं मानू नका, माझंसुद्धा."

तर मंगल, हे वाचशीलच तू. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मोगऱ्यासाठी नवं खत दिलंय, म्हणतो फुलांनी लगडेल. पाच कुंड्यांना घातलं, सहावी कोरी ठेवलीय. ती काय म्हणते, ते मला एकटीला ऐकायचं नाहीये. मोगरा संपायच्या आत ये. आणि थर्मास रिकामा आण गं, म्हणजे जिन्यावरून वर आणता येईल.