गिरजाच्या हाताखालची कोर्टाची पोरं

मी घरून पेज घेऊन परत आलो तेव्हा वॉर्डातल्या तिच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. मग कोणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही. सिस्टर आली, नवी पोरगी होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी बसा." मी म्हटलं, "बसून काय होते? कुठं ठेवली ते सांग." एवढंच बोलणं झालं. माझ्या बायकोनं, गिरजानं, याच सरकारी दवाखान्यात उभी हयात आयाचं काम केलं, आणि ती गेली त्या सकाळी तिला नावानं ओळखणारं एक माणूस तिथं ड्यूटीवर नव्हतं. पेज मी बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला देऊन टाकली. त्याला आता पाच आठवडे झाले. तेरवीला आलेले लोक जेवता जेवता म्हणत होते, गिरजाबाई देवमाणूस होती. कायची देवमाणूस! तोंडानं फटकळ होती, दुसऱ्याच्या हातचा चहा तिला चालत नसे, आणि एका गोष्टीची माफी तिनं मला मरेपर्यंत दिली नाही. तीच गोष्ट मी लिहितो आहे. दोष माझा आहे, म्हणून माझ्याशिवाय ती कोणी लिहिणार नाही.

मी कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होतो, शिक्षण चौथी. गिरजा शाळेत गेलीच नव्हती. तिची ड्यूटी जखमांच्या वॉर्डात. तेव्हा दवाखान्यात पट्ट्या फेकत नसत. रक्त-पू धुऊन काढायचा, पट्ट्या मोठ्या हंड्यात उकळायच्या, गच्चीवर दोरीला टाकायच्या, आणि वाळल्या की मांडीवर घेऊन घट्ट गुंडाळायच्या. ढिली गुंडाळली तर डॉक्टरच्या हातातून सुटून जमिनीवर लोळते, मग पुन्हा हंडा. उन्हाळ्यात याच्या जोडीला खिडक्यांना लावलेल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं काम. दुपारी दर अर्ध्या तासानं बादली मारली नाही तर वॉर्डाची भट्टी होते, आणि ज्याच्या पोटाला टाके आहेत तो तडफडतो. एवढं काम आणि बायका दोन. म्हणून कोर्टाची पोरं जेव्हा पहिल्यांदा आली, तेव्हा गिरजाला आनंदच झाला.

कोर्टाची पोरं म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची, कुठं चोरी करताना, कुठं मारामारीत धरलेली. त्यांचं कोर्ट वेगळं असे. रिमांड होमच्याच एका खोलीत टेबल टाकून मॅजिस्ट्रेटबाई बसत, वकील नाही, पोलीस आला तरी साध्या कपड्यात. पहिलाच गुन्हा असला तर पोराला आत न ठेवता बापाकडून मुचलका लिहून घेत आणि प्रोबेशनच्या साहेबांच्या देखरेखीखाली घरी सोडत. या मॅजिस्ट्रेटबाईंनी त्या मुचलक्यात आपली एक अट घातली. सहा महिने दर रविवारी सकाळी आठ ते दोन, दवाखान्यात लोकांच्या कामाला यायचं. पगार नाही, शिव्या नाहीत, मार नाही. प्रत्येक पोराचं एक कार्ड. त्यावर दर रविवारी हजर का गैरहजर ते भरायचं, साहेब महिन्यातून एकदा येऊन कार्ड पाहणार. तीन गैरहजेऱ्या झाल्या की मुचलका मोडला, पोरगा पुन्हा कोर्टापुढं. कायद्यात अशी शिक्षा होती का नव्हती मला ठाऊक नाही. मी तर गिरजाला म्हटलं होतं, "चोरी केली अन् शिक्षा काय, तर पट्ट्या गुंडाळा! मीही करतो मंग एखादी चोरी." ती म्हणाली, "तुमाले नाई जमणार. तुमची गुंडाळी ढिली राहते."

सुधाकर नावाचा पोरगा त्यातलाच. नाल्याकाठच्या वस्तीतला, बाप सायकलरिक्षा ओढायचा. एका शाळेच्या टाकीचे पितळी नळ काढून यानं भंगारवाल्याला विकले होते. पहिल्या रविवारी गिरजानं त्याला विचारलं, "काहून काढले गा नळ?" तर म्हणतो, "निघत होते म्हणून." ती हसत हसत घरी आली. "कसं पोट्टं आहे पाहा, खरं तरी बोलते." महिन्याभरात त्याची गुंडाळी तिच्याइतकी घट्ट व्हायला लागली. ताट्यांवर पाणी मारताना तो मुद्दाम एक लोटा पाणी पंख्यासमोर भिरकावायचा, तुषार खाटांवर पडत, आणि वॉर्डातले पेशंट ओरडत, "अजून मार रे लेका!" तिच्या डब्यातली अर्धी भाकर त्याची. तिला तो आई म्हणायला लागला होता. आम्हाला पोर नव्हतं. मला ते आई म्हणणं आवडत नव्हतं, हे आज लिहायला हरकत नाही.

कार्डावर सही वॉर्डाच्या सिस्टरनं करायची. पण सिस्टर रविवारी नसे. तिनं गिरजाला सांगून ठेवलं होतं, तू भरून आण, मी सोमवारी सही करते. गिरजाला अक्षर येत नाही, म्हणून कार्डं आमच्या घरी यायची आणि मी भरायचो. माझं अक्षर वळणदार होतं, मिलमध्येही लोक माझ्याकडून अर्ज लिहून नेत. म्हणजे पाहा… कोर्टाचा हुकूम मॅजिस्ट्रेटबाईंचा, देखरेख साहेबांची, सही सिस्टरची, पण पोरगा सुटतो का अडकतो ते आमच्या खाटेवर बसून मी ठरवत होतो. तेव्हा मात्र मला वाटत होतं की मी फक्त लिहितो आहे.

सुधाकरच्या दोन गैरहजेऱ्या मी आधीच भरल्या होत्या. एकदा त्याला ताप होता, एकदा बाप पडला होता. दोन्ही वेळा गिरजा म्हणाली होती, "हजर लिवा ना, पुढच्या खेपेला जास्त काम घेते मी त्याच्याकडून." दोन्ही वेळा मी ऐकलं नाही. मग तो रविवार आला. उमरेडच्या पलीकडची एक म्हातारी आदल्या दिवशी वॉर्डातून सुटली होती, पण न्यायला कोणी आलं नाही. तिची खाट दुसऱ्याला दिली होती आणि ती व्हरांड्यात बसून रडत होती. गिरजानं सुधाकरला सांगितलं, हिला एस्टीनं गावाला पोचवून ये. तो सकाळी गेला तो संध्याकाळी परतला. तिनं घरी येऊन मला कार्ड दिलं.

"हजर लिवा."

"दवाखान्यात होता काय तो?"

"दवाखान्याच्याच कामाले गेलता. मीच धाडलं."

"कार्डावर काय छापलं आहे? दवाखान्यात हजर. तो दवाखान्यात होता का उमरेडले?"

"अवं माय! त्या म्हातारीले मी पाठीवर घेऊन जात होती काय?"

"ते मले माईत नाई. नव्हता तर नव्हता."

आमच्या मिलमध्ये प्रत्येकाचा पितळी बिल्ला असे. दारातून आत जाताना तो फळीवर टांगायचा. बिल्ला फळीवर नसला तर माणूस गैरहजर, मग तो साच्यापुढं घाम गाळत उभा का असेना. मी स्वतः असा दिवस गमावला आहे आणि सुपरवायझरच्या पाया पडूनही तो मिळाला नाही. जे मला भोगावं लागलं तेच मला न्याय वाटत होतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, गैरहजर. गिरजाला वाचता येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "लिवलं ना?" मी म्हटलं, "लिवलं." खोटं बोललो नाही, असं मला तेव्हा वाटलं.

सोमवारी सिस्टरनं न पाहता सही केली. महिनाअखेरीला साहेबांनी कार्ड पाहिलं आणि त्यांच्या तोंडून गिरजाला कळलं. ती सिस्टरकडं गेली. सिस्टर म्हणाली, खाडाखोड केली तर माझ्यावर येईल. मग ती मिलच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. चार लोकांसमोर मला म्हणाली, "चला कोर्टात. तुमच्या हातानं लिवलं, तुमच्या तोंडानं पुसा."

गेलो. मॅजिस्ट्रेटबाई चांगल्या होत्या, हे सांगितलं पाहिजे. शांतपणे विचारत होत्या. गिरजानं सगळं सांगितलं, म्हातारी, एस्टी, सगळं. बाईंनी तिकीट मागितलं. सुधाकरनं ते फेकून दिलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, "अक्षर तुमचं?" मी हो म्हटलं. "या बाईंनी तुम्हाला हजर लिहायला सांगितलं होतं?" आता इथं मी नुसतं हो म्हणून थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "सांगतलं होतं, पण तो दवाखान्यात नव्हता बाईसाहेब. मी खोटं कसं लिवू?" त्यांनी मान हलवली. गिरजाला म्हणाल्या, "कोर्टानं मुलगा तुमच्याकडे वॉर्डात ठेवायला दिला होता. त्याला एकट्याला परगावी पाठवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" म्हणजे माझं खरं ठरलं आणि तिचं चांगलं काम गुन्हा ठरलं. पोराला विचारलं तर त्यानं एकच वाक्य म्हटलं, "आईनं धाडलं म्हणून गेलो." तीन गैरहजेऱ्या, जुना गुन्हा, बाप सांभाळू शकत नाही… अठरा वर्षांचा होईपर्यंत दूरच्या जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत ठेवायचा हुकूम झाला. शाळा म्हणायची, दाराला कुलूप. बाहेर पायरीवर त्याचा बाप साहेबांचे पाय धरत होता. सुधाकर माझ्याजवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "काका, अक्षर लय चांगलं आहे तुमचं."

गिरजा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून ती मारुतीच्या देवळातल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायला लागली. तिथल्या मास्तरीणबाईंना म्हणाली, "ग म भ न मंग शिकवजा. मले पयले हजर लिवाले शिकवा." तीन अक्षरं शिकायला तिला चार दिवस लागले. त्यानंतर एकही कार्ड तिनं माझ्या हातात दिलं नाही. पुढं त्या मॅजिस्ट्रेटबाईंची बदली झाली, नव्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना ही अट पटली नाही, पोरं यायची बंद झाली. पण सुधाकरनंतर तिच्या हाताखालून जेवढी गेली, त्यांतल्या एकाचाही मुचलका कार्डापायी मोडला नाही. घरात मी रेशनचा अर्ज लिहो की भाच्याला पत्र, ती कागद ओढून घ्यायची आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. पुटपुटत, अडखळत, पण शेवटपर्यंत. लोक म्हणायचे, म्हातारपणी काय हौस वाचायची! मला ठाऊक होतं ती काय तपासत होती.

सुधाकर अठराचा झाला असेल त्या वर्षी ती कितीतरी रविवार दुपारपर्यंत दाराशी बसून राहिली. तो आला नाही. कायले येईल?

शेवटच्या आजारात, एके दुपारी कूलरची घरघर चालू होती, तेव्हा मी तिच्याजवळ स्टुलावर बसून बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "गिरजे, त्या पोट्ट्याचं माह्या हातून चुकलं." तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती हात धरेल. ती म्हणाली, "मले काहून सांगता? त्याले सांगा." आणि कूस वळवली. चार दिवसांनी गेली.

तेरवी झाली आणि मी निघालो त्याला शोधायला. प्रोबेशनच्या कचेरीतल्या बाबूनं सांगितलं, "आजोबा, इतके जुने कागद वाळवीसुद्धा खात नाही." साहेब पेन्शनीत जाऊन वारले. नाल्याकाठची वस्ती रस्त्यासाठी उठवली, काही घरं नंदनवन वस्तीच्या बाजूला गेली म्हणे. तिथं तीन दिवस फिरलो. एक पानठेलेवाला म्हणाला, सुध्या रायपूर लाइनवर ट्रक चालवते. त्याच्याच बाजूला बसलेला म्हणाला, कुठला सुध्या, तो तर मेला. दोघंही हसून सांगत होते.

म्हणून इथं पेपरात लिहितो. पेपर ट्रकमध्येही जातो, पुडा बांधायलाही जातो, कुठून तरी हातात पडेल. सुधाकर, त्या रविवारी तू कामावर हजर होता. गिरजानं तसं लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. कोर्टात विचारलं तेव्हाही तुझ्या बाजूनं बोललो नाही. तुझी ती वर्षं माझ्या हातानं गेली. तू मेला असशील तर तुझ्या घरच्या कोणी हे वाचावं. माफ करा असं मी लिहीत नाही. गिरजानं केलं नाही, तू काहून करावं?

एवढं लिहून झालं आणि मी सवयीनं कागद खाटेच्या तिच्या बाजूला सरकवला. बराच वेळ तो तिथंच पडून होता, आणि मी तिच्या बोटाची वाट पाहत होतो.