घुंगरांच्या पट्ट्याचं बेअरिंग

इंजिनात बेअरिंगच्या जागी मी चामड्याचा तुकडा घातला आणि वर ट्रकभर कांदा लादला.

ट्रक शिरूरचा, निम्मा माझा, निम्मा मेव्हण्याचा. बहात्तरच्या दुष्काळातून जगवलेली बैलजोडी विकून त्यानं ही भागी घेतली होती. ट्रक बसला तर त्याला दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाण्यावाचून गत नव्हती. आणि ट्रक बसायच्याच बेतात होता. चढ लागला की इंजिन आतून कुणी घण घालावा तसं ठोकायचं. मेव्हण्याचं म्हणणं, क्रँक संपलाय, हे इंजिन उतरवू. दौंडला अपघातातल्या एका गाडीचं चांगलं इंजिन पडून होतं, ते बसवू. माझं म्हणणं, दुरुस्तीवर भागेल. कारण हा ट्रक पसंत मी केला होता, बॉनेटला कान लावून, डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तसा. इंजिन बदललं असतं तर सासरवाडीत माझ्या कानाला कुणी विचारलं नसतं.

शेवटी ठरलं, कांदा भरून दौंडच्या मालधक्क्यावर जायचं. वाटेत ठोकलं तर दौंडलाच इंजिन बदलायचं, नाही ठोकलं तर दुरुस्ती.

मेव्हणा पोती बघायला गेला तसा मी गाडीखाली शिरलो. झिजलेल्या बेअरिंगच्या जागी चामडं कोंबलं की ठोका मरतो, ही ड्रायव्हर लोकांची युक्ती. रिकामी गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायची असते तेव्हाची. ‘रिकामी’ आणि ‘हळूहळू’ मी सोयीनं विसरलो. हाताशी चामडं होतं ते केबिनमध्ये टांगलेल्या घुंगरांच्या पट्ट्याचं. विकलेल्या बैलांची मेव्हण्यानं ठेवलेली तेवढीच आठवण. म्हटलं, टोक कापलं तर कुणाला कळतंय?

निमोण्यापर्यंत इंजिन गप्प होतं. मी मेव्हण्याला माझ्या कानाची थोरवी ऐकवत होतो. पुढच्या चढावर ते फुटलं. रॉड तुटून ब्लॉकची बाजू फोडून बाहेर आला, उकळतं तेल उसळलं आणि मेव्हण्याचा खिडकीबाहेरचा हात कोपरापर्यंत भाजला.

तो तसाच खाली उतरला, भोकात वाकून बघितलं आणि चिमटीनं एक काळी चिंधोटी बाहेर ओढली. कडेला जाड शिवण होती, त्यानंच घातलेली. मग त्यानं केबिनमधल्या पट्ट्याकडं बघितलं आणि सीटखालची लोखंडी टामी काढली.

आमच्याकडं जावयावर हात उगारत नाहीत. धोंड्याच्या महिन्यात याच माणसानं माझ्या पायांवर पाणी घातलं होतं. ‘दाजी, तुम्ही’ सोडून तो कधी बोलला नाही. मारतानाही त्यानं ते सोडलं नाही.

“दाजी, बैलांचा पट्टा का कापला तुम्ही?”

पहिला फटका मांडीवर.

“बोला की, दाजी.”

दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मात्र माझ्या कानानं अचूक टिपला. मी फाटक्या पोत्यातले कांदे फेकून मारले. एक त्याच्या डोळ्यावर बसला. त्यानं मला खडीवर पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि बुक्क्यांनी तोंड फोडलं. दात थुंकला का गिळला, आठवत नाही. मी धड हातानं त्याचा भाजलेला हात आवळला, तसा तो गुरासारखा हंबरला, आणि कातडी माझ्या मुठीत आली. तिथं दोघांचंही बळ संपलं.

मागून आलेल्या ट्रकनं साखळी लावून आम्हाला दौंडला ओढत नेलं. मेव्हणा स्टिअरिंगवर, एका हातानं. मी वर, कांद्याच्या पोत्यांवर, रक्त पुसत.

इंजिनवाल्या म्हाताऱ्यानं ब्लॉकचं भोक बघितलं. म्हणाला, ह्याची दुरुस्ती कसली, भंगारात वजनावर घेतो. मेव्हण्यानं ओलं फडकं गुंडाळलेला हात माझ्या दिशेनं वर केला.

“आबा, दाजींनाबी काट्यावर घ्या. आत काय न्हाई, पर वजान भरंल.”