ठसा सरकलेला रुपया

दत्तोपंतांच्या घरून सिंधूवहिनींचा निरोप आला तेव्हा मी वॉर्डात होतो. ‘प्रोफेसरसाब नहीं रहे,’ एवढंच चपराशी म्हणाला. जयपूरच्या सोडाला भागात त्यांच्या घरी पोचलो तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. मी डॉक्टर, पण दत्तोपंतांच्या आजारात माझा उपयोग असा काही झालाच नाही.

दत्तोपंत मूळचे साताऱ्याचे. इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. जयपुरात मराठी कानावर पडावं म्हणून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो आणि त्यांच्या निकेलच्या नाण्यांत गुंतलो. आण्यांचे नवे पैसे झाले तेव्हा लोक जुनी नाणी खपवायच्या घाईत होते, आणि हे दुकानदारांकडून तीच मागून घेत. ‘ही वाघाची पावली बघा,’ लोहचुंबकाला चिकटलेलं नाणं दाखवत ते म्हणायचे, ‘शुद्ध निकेल. पण घरोघरी पडून आहे, म्हणून किंमत चार आणेच. आणि हा रुपया... टांकसाळीत ठसा सरकला, वाघाचं तोंडच उमटलं नाही. ह्या चुकीसाठी शौकीन माणूस कितीही मोजेल.’ आतून सिंधूवहिनी ओरडायच्या, ‘मग विका की एकदाचा!’ ते नुसते हसायचे.

मग पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एका दुपारी ते डाव्या हातानं कपाटाकडे पुन्हा पुन्हा खूण करू लागले. वहिनींनी नाण्यांची पेटी काढली. ‘हे का? मग हे?’ प्रत्येक नाण्याला त्यांची मान नाही म्हणत होती. पावल्या झाल्या, आठ आण्यांच्या अधेल्या झाल्या, तो ठसा सरकलेला रुपयाही झाला. मग कपाटातले कपडे काढले, चष्मा दिला, पाणी तोंडाशी धरलं... काहीच नाही. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदा हलत होता. ‘भाऊजी, तुम्ही डॉक्टर ना?’ वहिनी मला म्हणाल्या, ‘सांगा ना, काय हवंय त्यांना?’

नंतर दत्तोपंतांनी खूण करणंच सोडून दिलं.

ते गेल्यावर वहिनींच्या आग्रहावरून मी चौडा रास्ता बाजारातल्या नाण्यांच्या एका जाणकाराला घरी आणलं. त्यानं पेटी चाळली. ‘बाकी सब मामूली है, भाभीजी. बस ये एक रुपया कमाल का है.’ वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रुपयालाही दत्तोपंतांनी नाही म्हणून मान हलवली होती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. पेटी वहिनींनी विकली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींबरोबर भाजी आणायला गेलो होतो. भाजीवाल्यानं सुटे पैसे परत दिले. वहिनी तिथंच थांबून एकेक नाणं उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहू लागल्या. ‘खोटा नहीं है, माँजी,’ भाजीवाला जरा रागानंच म्हणाला.

‘काय बघताय, वहिनी?’ मी विचारलं.

‘ते असंच बघायचे,’ त्या म्हणाल्या. ‘काय बघायचे, कोण जाणे.’

आणि त्यांनी पुढचं नाणं उलटलं.