आजोबांना सांगितलेलं नाव

एउसेबिओ लिमाचीला स्वतःच्या बायकोचा मत्सर वाटतो, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. रविवारच्या बाजारात पाच-सहा जणांच्या कानावर घातलं, तेवढंच.

वीस वर्षं हा गडी परदेशी पाहुण्यांना दोराला बांधून आमच्या बर्फाच्या डोंगरावर नेत होता. पायथ्याच्या दगडी विश्रामघरात त्याची बायको बासिलिया रस्सा शिजवायची. चार वर्षांपूर्वी ती म्हणाली, "वर एवढं आहे तरी काय, बघून येते." आणि घेरदार घागऱ्यावरच दोर बांधून शिखर गाठून आली! ला पाझच्या पेपरात फोटो छापून आला. तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "घागरेवाली बाई कुठाय?" बासिलिया वाटाडी झाली, आणि एउसेबिओच्या हाती खेचरांचे लगाम आले.

"पूर्वी बर्फ कठीण होता," तो मला ऐकवायचा. "आता काय, कुणीही चढतं."

"तू का नाही चढत मग?" मी विचारायचो. त्यावर तो खेचरावर खेकसायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये जर्मनीहून दोन शिक्षिका आल्या, सख्ख्या बहिणी. तीन दिवसांची चढाई. बासिलिया सकाळपासून त्यांच्या तयारीत. बुटांना लोखंडी दात बसवून दोघींना अंगणात चालवलं, पिशव्या रिकाम्या करून तीन जाडजूड पुस्तकं आणि केस वाळवायचं यंत्र बाजूला काढलं. तिघी खिदळत होत्या. एउसेबिओ दोर गुंडाळत होता. असा आवळत होता, जणू कुणाचा गळाच.

आमच्याकडे निघण्याआधी डोंगराला नैवेद्य जाळतात. आमच्या लोकरीच्या जनावराची, लामाची चरबी, चघळायची कोकाची पानं, साखरेच्या चित्रांच्या वड्या. दोरावर जो पुढे असणार, त्याने स्वतःचं नाव डोंगराला सांगायचं. आजोबाच म्हणतो आम्ही त्याला. एका ताफ्याचं एकच नाव; आजोबा पुढे तेवढ्यालाच येऊ देतात, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं.

दुपारी मी गोठ्यामागे माझी चुकलेली लामा शोधत होतो. (लामा घरीच होती, ते सोडा.) बघतो तर एउसेबिओ नैवेद्य पेटवून बसलेला, आणि खणखणीत आवाजात सांगतोय, "पुढे एउसेबिओ लिमाची. मागे तिघी बायका."

राख झाली पिठासारखी पांढरीशुभ्र. म्हणजे आजोबांना मान्य. गड्याचा चेहरा असा फुलला! घटकाभर फुलला, मग पडला.

"कोंपाद्रे," तो मला म्हणाला. त्याच्या थोरल्याचा धर्मपिता मीच, म्हणून ही हाक. "आता ती पुढे होऊन गेली तर?"

"आजोबा विचारतील, ही कोण बिनबोलावलेली?"

"दुसरा नैवेद्य जाळू?"

"दुसरं नाव सांगून? आजोबांना काय विसरभोळं समजलास?"

वरच्या बर्फातल्या भेगा त्याने पाहिलेल्या होत्या. एकीत त्याचा चुलतभाऊ अजून आहे.

तेवढ्यात बासिलिया आली, तिच्या नैवेद्याचं पुडकं हातात घेऊन. तो काहीही न बोलता उठून गेला असता, तर कुणाला कळलं नसतं. मी तर कुणाला सांगत नाहीच. पण तो तिच्या वाटेत उभा राहिला.

"जाळू नकोस. मी माझं नाव सांगून बसलोय."

ती ओरडेल म्हणून मी जरा सावरून बसलो. तिने वाकून राख बघितली. "माझी इतकी पांढरी कधी होत नाही," ती म्हणाली. "चल मग. पुढे तू."

"आणि पाहुण्या? त्या तर तुझ्यासाठी आल्यात."

"म्हणून तर मी त्यांच्यासोबत मागे. तू बर्फात पायऱ्या खोद."

गेला बापडा. तिसऱ्या दिवशी चौघं धडधाकट उतरली. फोटोंमध्ये मधोमध बासिलिया, दोन्ही बाजूंना बहिणी, आणि कडेला दोर धरलेला एक हातमोजा.

"पुढे होतास ना? झालं समाधान?" मी विचारलं.

"अख्खी वाट मागून हसण्याचा आवाज येत होता, कोंपाद्रे. कशावर हसत होत्या त्या?"

"बायकोला विचार की."

"विचारलं. म्हणते, तू पुढे होतास, तुला कसं कळणार?"